गोगलगायींच्या मागे

सेराफिमाने डाव्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. शहराच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, द्रागालेव्त्सीच्या शेवटच्या थांब्यावर बस रिकामी होऊन उभी होती, ड्रायव्हर खाली उतरून सिगरेट ओढत होता, आणि बाकाभोवती रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं हातपाय ताणत होती. ती वाकलेलीच राहिली. वाकलं की चेहरा दाखवावा लागत नाही, आणि ऐकू मात्र सगळं येतं.

"मावशी, तुटेल हो ती नाडी," एक पोरगी म्हणाली. "पहिल्यांदाच आलात?"

"हो."

"मी बिल्याना. घाबरू नका. आम्ही नुसत्या नावाच्या गोगलगायी नाही, खरोखरच्या आहोत. मागच्या शनिवारी आम्हाला एका आजोबांनी मागे टाकलं. हातात काठी होती त्यांच्या."

सेराफिमा हसली नाही. इथे हसायला हवं होतं हे तिच्या उशिरा लक्षात आलं, तोवर बिल्याना दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवरची पिशवी आवळत होती.

मग एक दाढीवाला दणकट माणूस बाकावर चढला. हा ओग्न्यान. गटाचा म्होरक्या म्हणा, कारण तसं पद कुणालाच नव्हतं; वर्गणी नाही, सभासदत्व नाही, दर शनिवारी सकाळी यायचं आणि डोंगर चढायचा, एवढंच. पण ज्याचा घसा मोठा त्याच्याकडे सगळे बघतात, आणि ओग्न्यानचा घसा बसच्या भोंग्यापेक्षा मोठा होता.

"नवीन कोण कोण आहे? या, पुढे या, लाजताय कशाला! ऐका. इथे पहिला कुणी येत नाही. धावता येतं त्याने धावावं, नाही त्याने चालावं, रडावंसं वाटलं तर रडावं, पण रडताना पाय चालू ठेवावेत. सगळ्यांच्या मागे आपलं शेपूट असतं. ते बघा, पिवळं जॅकेट. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि शेपटाला न सांगता कुणी वाट सोडायची नाही. सोडली तर मी तुमच्या घरी येऊन जेवेन, आणि मी किती जेवतो ते बायकोला विचारा!"

आणि तो हसला. मान मागे टाकून, मोकळ्या घशाने. सेराफिमाचा हात नाडीवर थांबला. हाच का तो आवाज? तिने डोळे मिटले आणि पुन्हा एकदा हसण्याची वाट बघितली, पण ओग्न्यान बाकावरून उतरला होता आणि माणसं मोजत होता.

ती छप्पन्न वर्षांची बाई, बालवाडीत पन्नास पोरांचं सूप ढवळून खांदे भरलेले, गुडघे कुरकुरणारे. धावण्याची हौस तिला जन्मात कधी आली नव्हती. बस सुटली तर ती दुसरी बस येईपर्यंत उभी राहायची. ती आली होती एका आवाजाच्या शोधात.

गेल्या नोव्हेंबरात, आठ तारखेला, यावोर याच लोकांबरोबर डोंगरावर गेला होता. तिचा एकुलता एक मुलगा. सत्तावीस वर्षांचा होता, लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या दिवशी देवदूतांचा सण, आणि तिचं नाव देवदूताचं, म्हणजे सेराफिमाचा नामदिन. तिकडे नामदिनाला कुणी कुणाला बोलावत नाही; ज्याला आठवण असते तो येतो, आणि घरच्या बाईने टेबल मांडून तयार राहायचं असतं. लोक आले होते. कोबीच्या पानात गुंडाळलेली सारमी शिजून मऊ झाली होती, राकिया दारूचे पहिले पेले रिकामे झाले होते, आणि जो तो विचारत होता, यावोर कुठाय? शेवटी तिने स्वयंपाकघरात जाऊन त्याला फोन लावला. "अरे, माणसं येऊन बसलीत, चारचौघांत शोभा करणार आहेस का माझी?" असं ती म्हणाली. "आलो गं आई, मधल्या वाटेने उतरतो," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. त्याच्या मागे एक पुरुष मोठ्याने हसला आणि ओरडला, "पळ रे, पळ! आईला ताटकळत ठेवू नकोस!" यावोरही हसला. मग फोन बंद झाला.

धुकं उतरलं होतं आणि दगडांवर ओली पानं होती. बचाव पथकाला तो दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सापडला. पथकातल्या माणसाने तिला एवढंच सांगितलं, की गटात जो सगळ्यात शेवटी असतो त्याने त्याला एकट्याला खाली जाऊ दिलं. नाव त्याने सांगितलं नाही, आणि त्या वेळी तिला विचारायचं सुचलं नाही. लोमला, डॅन्यूबच्या काठी, बापाच्या गावात त्याला पुरलं. नवऱ्याशी तिचं पटेनासं झाल्याला वर्षं लोटली होती, आडनावही तिने माहेरचं परत घेतलं होतं, त्यामुळे गटात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. फोनमागे हसला तोच हा शेवटचा, असं तिने धरलं होतं; तिला त्याला समोर उभं करून विचारायचं होतं: का सोडलंस माझ्या मुलाला एकट्याला? त्यापुढे काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. फोनचं मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि पोलिसांनी विचारलंच नव्हतं.

चढ सुरू झाला तशी ती मागे पडली. मागे म्हणजे किती, तर वाटेवरच्या मठाच्या भिंतीशी पोचेपर्यंत पुढच्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्या. बीच जातीच्या झाडांना नवी पालवी होती, खाली शहराची घंटा वाजत होती, आणि तिच्या कानात फक्त स्वतःचा श्वास. पिवळ्या जॅकेटवाला माणूस तिच्या मागून येत होता. पुढे जात नव्हता, घाईही करत नव्हता.

"तुम्ही जा हो पुढे," ती म्हणाली. "माझ्यामुळे कशाला खोळंबताय?"

"शेपूट पुढे गेलं तर त्याला मिशा म्हणतील," तो हळूच म्हणाला. "सावकाश चला. मी चाळीस वर्षं ट्रॉलीबस चालवली, बाई. प्रत्येक थांब्यावर थांबायची सवय आहे मला."

त्याचं नाव ल्यूबेन. साठी उलटलेला, कानांवर लोकरीची टोपी, मे महिन्यातसुद्धा. तो खालच्या पट्टीत बोलायचा, इतक्या खालच्या की कधीकधी तिला वळून "काय?" म्हणावं लागायचं. आणि बोलायचा ते कोबीबद्दल. तळघरातल्या पिंपात कोबी कसा मुरवायचा, मीठ जाडं का लागतं, पाणी दर दोन दिवसांनी खालून काढून वरून कसं ओतायचं, आणि वरच्या मजल्यावरची बाई वासावरून कशी भांडायला आली. ती आली भांडायला आणि गेली डबाभर कोबी घेऊन. सेराफिमाने पन्नास पोरांच्या स्वयंपाकात आयुष्य घालवलं होतं. कोबीबद्दल तिला कुणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. तरी ती ऐकत राहिली, कारण ऐकताना चढ कळत नव्हता.

ती पुढच्या शनिवारी गेली, त्याच्या पुढच्याही. बालवाडीतल्या बायका म्हणाल्या, फिमाला आता म्हातारपणी पंख फुटले. तिने त्यांना खुशाल बोलू दिलं.

प्रत्येक पुरुषाचा आवाज ती कानात घालून घरी आणायची. एक होता हिशेबनीस, बोलायचा नाकातून, तो नव्हे. एका डॉक्टरचं हसणं खोकल्यात संपायचं, तोही नव्हे. दोघं भाऊ होते, ते गेल्या वर्षी गटात नव्हतेच. राहता राहिला ओग्न्यान. वरच्या विश्रामगृहात सगळे घेवड्याचं सूप प्यायला बसायचे तेव्हा ती मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसायची, म्हणजे तो नुसता ऐकू यावा. कधी वाटायचं, हाच. कधी वाटायचं, छे, तो आवाज याच्याहून मऊ होता. फोनमधला एकच आवाज, एकदाच ऐकलेला. तिने तो मनात इतक्यांदा वाजवला होता की आता त्याचा खरा सूर कोणता हेच तिला सांगता आलं नसतं.

जूनमध्ये एकदा तिने बिल्यानाला विचारलं, "हे पिवळं जॅकेट नेहमी ल्यूबेनच घालतात का गं?"

"आता तेच घालतात. पूर्वी पाळी असायची. कधी मी, कधी डॉक्टर, कधी ओग्न्यान." बिल्यानाने पाव सुपात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "मग गेल्या वर्षी आमचा एक मुलगा गेला, मावशी. इथेच. त्यानंतर कुणाला ते घालावंसं वाटेना. ल्यूबेनकाका म्हणाले, द्या इकडे, मी घालतो."

"त्या दिवशी कोण होतं शेपूट?"

बिल्यानाने मान हलवली. "ते आम्ही बोलत नाही. तसं ठरलंय आमचं. आणि खरं सांगू? मी नव्हते त्या दिवशी, माझ्या दाताचं काम होतं. सारखं वाटतं, मी असते तर."

सेराफिमाने पुढे विचारलं नाही. घरी जाताना बसमध्ये तिने मनाशी हिशेब मांडला, आणि तो तिला बिनतोड वाटला. ज्याच्या हातून असं झालं तो माणूस ते जॅकेट पुन्हा अंगाला लावणार नाही. ओग्न्यान सगळं करायचा, वाट आखायचा, दोरखंड वाहायचा, लोकांच्या टाचांवरच्या फोडांना पट्ट्या लावायचा, पण पिवळ्या जॅकेटला हात लावायचा नाही. एकदा ल्यूबेन ते बाकावर विसरला तेव्हा ओग्न्यानने ते काठीच्या टोकाने उचलून दिलं होतं. सगळे हसले होते. तिला ते आता आठवलं.

उन्हाळा गेला. तिचे गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण ती मठाच्या भिंतीपर्यंत न थांबता जाऊ लागली. रानातल्या बेरी पिकल्या, मग वाळल्या. ल्यूबेनने तिला स्वतःच्या बायकोबद्दल सांगितलं, ती वारल्यावर त्याने घरात दोन वर्षं दुसरी खुर्ची हलवली नव्हती. तिने त्याला स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. आठवड्यात ती खऱ्या अर्थाने एवढ्या एकाच माणसाशी बोलत होती. सप्टेंबरात तो तळघरातल्या पिंपाला झाकण म्हणून वरच्या बाईची इस्त्रीची फळी कशी वापरली ते सांगत होता आणि ती खळखळून हसली. घरी आल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. मुलाच्या खुन्याला शोधायला गेलेली बाई, आणि हसते काय! यावोरच्या फोटोसमोर ती बराच वेळ उभी राहिली. या नोव्हेंबरात काय ते मिटवायचं, असं तिने ठरवलं.

त्या वर्षी आठ तारीख रविवारी येत होती. आदल्या दिवशी, शनिवारी, मृतात्म्यांचा वार. त्या दिवशी सकाळपासून ट्राम शेवंतीच्या जुड्या आणि शिजवलेल्या गव्हाचे डबे घेतलेल्या बायकांनी भरलेल्या होत्या, सगळ्या स्मशानाकडे निघालेल्या. लोमहून नवऱ्याने फोन केला होता: वर्षश्राद्ध आहे, येतेस ना? ती म्हणाली, तुम्ही तिथे करा, मी इथे करते, जिथे तो पडला तिथे. नवऱ्याने नाक ओढलं. रडत असावा.

तिने गहू शिजवले नाहीत. गहू बघितले की कुणालाही कळतं, आणि तिला ते आपोआप कुणाला कळायला नको होतं; कळवायचं होतं, तिच्या वेळेला, तिच्या तोंडाने. दोन साध्या बिस्किटांमध्ये गुलाबी लोकुम मिठाईचा चिवट तुकडा दाबून तिने डबा भरला. तिच्या आजीच्या वेळेपासून मेलेल्याच्या नावाने हेच वाटतात. सगळ्यांच्या हातात दिल्यावर मोठ्याने सांगायचं: हे यावोरच्या आत्म्यासाठी. मग बघायचं कुणाच्या घशाखाली उतरत नाही ते.

धुकं होतं, गेल्या वर्षीसारखंच. वाट पानांनी भरली होती आणि पानांखाली निसरडं होतं. ती नेहमीपेक्षा हळू चालली. ल्यूबेन मागे होता, पण आज तो कोबीबद्दल बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "इथे जपून." ती जपून चालली.

झाडी संपून जिथे मोकळं कुरण लागतं तिथे बाकीचे थांबले होते, हातांवर फुंकर घालत. तिने डबा काढला. झाकण उघडते न उघडते तोच ओग्न्यान गरजला:

"अरे देवा! उद्या फिमाताईंचा नामदिन! एक दिवस आधीच वाटतायत, उद्या घरी गर्दी होणार म्हणून! गोगलगायींनो, सरळ उभे राहा!"

आणि सगळे तिच्याभोवती जमा झाले. बिल्यानाने दोन्ही गालांचे मुके घेतले. डॉक्टरने शंभर वर्षं जगा म्हटलं. नाकातून बोलणारा हिशेबनीस म्हणाला, लोकुम! मी लहान असल्यापासून खाल्लं नाही, आणि त्याने दोन घेतले. मृतासाठी दिलेलं घेताना आभार मानायचे नसतात. "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि तोंडात टाकायचं, असा रिवाज. पण इतकी हसरी तोंडं भोवती असताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. ओग्न्यानने आपलं बिस्कीट एका घासात गिळलं, बोटं चाटली, आणि म्हणाला, "फिमाताई, बायकोसाठी एक नेऊ का? तिला लोकुम म्हणजे जीव की प्राण." त्याच्या घशाखाली सगळं सुरळीत उतरलं होतं. त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं, नुसता आनंद. तिने त्याला एक रुमालात बांधून दिलं. हा नाही, एवढं तिला कळलं, आणि सहा महिने ज्याच्या आधारावर ती चढत होती तो आधारच हातातून सुटल्यासारखं झालं.

"चला, थंडी वाजतेय!" ओग्न्यान ओरडला, आणि सगळे धुक्यात उतरायला लागले.

डब्यात एक उरलं होतं. ल्यूबेन कुरणाच्या कडेला उभा होता, इतरांबरोबर पुढे आलाच नव्हता. ती त्याच्याकडे गेली आणि डबा पुढे केला.

त्याने आधी हातमोजे काढले. मग टोपी काढली. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा त्याचं डोकं पाहिलं, पांढरं आणि विरळ. दोन्ही हातांनी त्याने बिस्कीट घेतलं.

"देव यावोरला क्षमा करो," तो म्हणाला.

सेराफिमाच्या हातातला डबा खाली पडला. तो कुणीच उचलला नाही.

"तुम्ही?"

"हो."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला मी कोण ते?"

"पहिल्या दिवसापासून. लोमला आलो होतो मी. स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतो, तिथून तुम्हाला पाहिलं. आत यायची हिंमत झाली नाही."

"आणि मला सहा महिने कोबीच्या गोष्टी सांगितल्यात!" ती ओरडली. तिचा आवाज धुक्यात कुठे गेला कळलं नाही. "सहा महिने, ल्यूबेन! माझ्या मागे मागे चालत! मी हसले तुमच्याबरोबर!"

"दर शनिवारी ठरवून यायचो, आज सांगायचं. तुम्ही वळून बघायचात आणि माझ्या तोंडातून कोबी यायचा."

तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. हात उचललाही गेला असता, पण तो टोपी हातात धरून उभा होता आणि ते बिस्कीट त्याने अजून खाल्लं नव्हतं. आवाज त्याचा होता? तो मोकळा, मोठा, हसणारा आवाज? या माणसाला तिने एकदाही हसताना ऐकलं नव्हतं. इतरांना हसवायचा, स्वतः कधीच नाही. कसा ओळखणार होती ती?

"का सोडलंत त्याला एकट्याला?" तिने शेवटी विचारलं. वर्षभर घोळवलेला प्रश्न, पण तो बाहेर पडला तेव्हा अगदी बारीक होता.

ल्यूबेनने खाली बघितलं.

"कंटाळा केला," तो म्हणाला. "माझा पाय दुखत होता. त्याच्याबरोबर त्या उतारावरून जायचं माझ्या जिवावर आलं. तो म्हणाला, जातो. मी म्हटलं, जा."

ती वाट बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"तो घाईत होता का?"

"नाही." ल्यूबेन पटकन म्हणाला. "घाई कसली? मजेत होता. मीच कंटाळा केला. ओग्न्यानला तेच सांगितलंय, पथकालाही तेच, पोलिसांनाही तेच. दुसरं काही नव्हतंच, बाई."

खाली कुठेतरी बिल्याना हाका मारत होती. सेराफिमाला ते ऐकू येत होतं, पण उत्तर द्यावं असं वाटत नव्हतं. ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होती. त्याच्या शेजारी उभा राहून यावोर फोनवर बोलला होता. कोण बोलतंय, कशासाठी बोलावतंय, सगळं त्याला माहीत होतं; माहीत होतं म्हणून तर ओरडला होता तो, पळ रे पळ. एक वाक्य त्याने म्हणायचं होतं, तुमचा फोन आला होता बाई, आणि त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरून तिच्या डोक्यावर आलं असतं. जिथे त्याची खरी जागा होती तिथे. वर्षभर त्याने ते वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं. आताही, तिने तोंडावर विचारलं तरी, तो ते गिळून बसला होता. आणि तिला इतका वेळ वाटत होतं की ती त्याला शोधते आहे! ती घाबरत होती त्याला. जगात एवढ्या एकाच माणसाने तिचा तो फोन ऐकला होता.

"खा ते," ती म्हणाली.

त्याने बिस्कीट तोंडात टाकलं. लोकुम चिवट होतं, त्याला चावायला वेळ लागला. ती तो खाऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग त्याने वाकून डबा उचलला, त्यातली पानं झटकली आणि तिच्या पिशवीत ठेवून पिशवीची चेन लावली.

"चला," तो म्हणाला. "मोजायला थांबले असतील."

ती पुढे झाली. तो मागून आला, चार पावलांवर, नेहमीसारखा. उतारावर पानं सरकत होती. ओढ्याकडे जाणारी मधली वाट जिथे फुटते तिथे आता दोन झाडांना दोर बांधला होता. ती तिथे थांबली. दोराच्या पलीकडे धुकं होतं, आणि धुक्यात पाण्याचा आवाज. ल्यूबेनही थांबला.

तिला रडू आलं ते तिथे. ओग्न्यानने सांगितलं होतं, रडताना पाय चालू ठेवावेत. तिचे पाय चालेनात. ल्यूबेन तिच्या मागे तसाच उभा राहिला. जवळ आला नाही, गेलाही नाही. खालून बिल्यानाची हाक पुन्हा आली आणि या वेळी त्याने उत्तर दिलं, "येतोय! आम्हाला वेळ लागेल!" ओरडताना त्याचा आवाज उंच चढला, मोकळा झाला, आणि सेराफिमाने तो ओळखला.

तिने बाहीने तोंड पुसलं.

"उद्या घरी या जेवायला," ती दोराकडे बघतच म्हणाली. "सारमी करणार आहे."

ल्यूबेनने हातातली टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"किती वाजता येऊ?"

"कधीही या," ती म्हणाली. "सावकाश या. मी फोन करणार नाही."